मायच्या जागेवर

दादानं कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "वास घेऊन बघ."

घेतला. जुन्या चामड्याचा, तापलेल्या पितळेचा, आणि त्या दोन्हींच्या खालून हळूच वर येणारा, सायकलच्या पंक्चरवाल्याकडचा तो डोक्यात चढणारा वास. कव्हरचे टाके उसवले, पट्टा वाळून कडक झाला, पण वास जिथल्या तिथं. जुनी वस्तू हातात आली की लोकांना म्हणे गहिवरून येतं. मला चीड आली. या कॅमेऱ्यानं मला जेवढं छळलं तेवढं सासरच्या माणसांनीही छळलं नसेल, आणि माझी सासू काही साधी बाई नव्हती.

"दुरुस्त करून आणला," दादा सांगत होता. "हैदराबादला एक म्हातारा हाये, त्यानं आतला पडदा नवा टाकून दिला. नातवानं रोल मागवला. आता बिलकुल बराबर चालतो."

दादानं पंचाहत्तरी ओलांडली आहे. नव्या जालन्यात मुलाच्या घरी असतो, गुडघे धरून उठतो, पण कॅमेऱ्याचं नाव काढलं की आवाज पूर्वीसारखाच चढतो. "काम हाये, जल्दी ये," असा फोन करकरून त्यानं मला संभाजीनगरहून बोलावून घेतलं होतं. मला वाटलं, तब्येतीचं काही असेल. काम म्हणजे हे.

तेव्हा आम्ही भोकरदनला राहायचो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. माय मजुरीला जायची. अण्णांची नोकरी पक्की झाली तरी तिनं कापूस वेचायला जाणं सोडलं नाही, रिकामी बसली की तिचेच हात दुखायचे. दादाला नव्या जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत नुकतंच काम मिळालं होतं. आठवडाभर तिकडं खोलीवर राहायचा, शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी यायचा. नोकरी लागली तर आता घरात पहिली वस्तू कोणती घ्यायची? अण्णा म्हणाले सायकल. माय म्हणाली छपराला पत्रे. दादा म्हणाला कॅमेरा, आणि कारण असं सांगितलं की सायकलही मागं पडली आणि पत्रेही. मायचा फोटो नव्हता.

खरोखरच नव्हता. अण्णा शाळेच्या ग्रुपमध्ये खुर्चीवर होते, मी वर्गाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या रांगेत डोळे मिटून होते, दादाचा परीक्षेच्या फॉर्मसाठी काढलेला होता. माय कुठंच नव्हती. तिला कधी कुणी फोटोसाठी उभं केलंच नव्हतं, आणि तिनंही कधी म्हटलं नव्हतं. "मला कशाला फोटो, मी समोर हाये ना," एवढंच तिचं म्हणणं. दादानं मनावर घेतलं ते घेतलं. मायचा एक चांगला फोटो, आपल्या हातानं काढलेला. पुढची पाच-सहा वर्षं आमचे रविवार त्यात गेले.

कॅमेरा निवडायला तो मला जालन्याला घेऊन गेला. मी तेव्हा नववीत. स्टेशनच्या रस्त्यावर रशीदभाईंचा स्टुडिओ होता. आत शिरलं की औषधांचा आंबूस वास, भिंतीवर तळं आणि हंस रंगवलेला पडदा, आणि कोपऱ्यात काचेचं कपाट. कपाटात दोन जुने कॅमेरे विकायला ठेवलेले. एक साधा डबा, वरून वाकून बघायचं आणि बटण दाबायचं. दुसरा रशियन. मुठीत मावेल एवढा, पण हातात घेतला की पायलीभर ज्वारी उचलल्यासारखा जड, आणि कपाळावर दोन खिडक्या.

"डब्बा ले जाव साहब," रशीदभाई म्हणाले. "उसमें बिगडने का कुछ हैच नहीं. ये रशियन बडा नखरेवाला है. पहले चाबी भरना, बाद में स्पीड बदलना. उल्टा करे तो खलास."

दादानं रशियन माझ्या हातात दिला. मी खिडकीला डोळा लावला. मधोमध एक पिवळट चौकोन, आणि त्या चौकोनात रशीदभाई दोन. भिंगाभोवतीची कडी फिरवली की एक रशीदभाई दुसऱ्याकडं सरकत यायचे आणि मग दोघे मिळून एक व्हायचे. दोन माणसांचं एक झालं की समजायचं, अंतर जुळलं, आता फोटो धारदार येणार. मला ते इतकं आवडलं की मी चार वेळा रशीदभाईंना एकत्र केलं. पण अक्कल शाबूत होती.

"डबा घे," मी दादाला म्हणाले.

"डब्यात मजा न्हाई," दादा म्हणाला.

ती मजा आम्ही मग भरपूर भोगली.

पहिला रोल बुद्धपौर्णिमेला. सकाळपासून वस्तीत निळीचा आणि इस्त्रीच्या कोळशाचा वास, दारोदार पांढरी लुगडी, पांढरे सदरे, खिरीचं पातेलं विहारापुढं रटरटतंय. दादा गळ्यात कॅमेरा अडकवून असा फिरत होता की जणू दिल्लीहून वार्ताहर आलाय. सगळ्यांचे फोटो काढले. म्हाताऱ्यांचे, तान्ह्यांचे, खीर ढवळणाऱ्या बायांचे. शेवटी माय. दारातल्या शेवग्याखाली तिला पाट टाकून बसवलं. तिनं पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि श्वास रोखून धरला. बटणाचा आवाज झाला, कडाकडा बोटं मोडताना एकाच बोटाचा यावा तसा.

"झालं?" माय म्हणाली. "एवढंच व्हय?"

पुढच्या आठवड्यात रशीदभाईंनी धुतलेला रोल उजेडात धरला, उलटा करून परत धरला. मग म्हणाले, "साहब, ये तो कोरा है."

भिंगावर झाकण होतं. साध्या डब्यात काय नि रशियनमध्ये काय, झाकण काढायचं असतं हे दादाला कळत होतं. पण या जातीच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर झाकण असलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसतं. पिवळ्या चौकोनात माणसं दोनाची एक होतात, बटण वाजतं, आणि आत मिट्ट काळोख. वस्ती महिनोन्महिने विचारत राहिली, "फोटो आले का रे?" दादा म्हणायचा, धुवायला टाकलेत. पुढं पुढं तो बसस्टँडवरून मागच्या बोळानं घरी यायला लागला.

तोडगा मायनं काढला. झाकण हातात घेऊन तिनं उलटसुलट बघितलं. "याच्यानंच घोळ होतो ना? मंग ठेवायचंच कशाला?" तिच्या मिश्रीच्या डबीचं टोपण हरवलं होतं. त्यावर ते नेमकं बसलं. दादालाही पटलं, मलाही पटलं. आमच्या घरात त्या दिवशी तिघंही शहाणी होती.

मग पुढच्या वर्षीचा उन्हाळा. जालन्याकडचं मे महिन्याचं ऊन मी कुणाला सांगायला नको. दुपारी दादा बाहेरून आला, अंगणातल्या बाजेवर कॅमेरा टाकला, भिंग आभाळाकडं, आणि आत माठातलं पाणी प्यायला गेला. तिथंच अण्णांशी बोलत बसला. जरा वेळानं माय ओसरीतून म्हणाली, "काहीतरी जळून राह्यलं बरं." ती उठून चुलीकडं बघून आली. चूल गार होती. तिनं माझी ओढणी बघितली, कंदील बघितला, शेजारणीला हाक मारून विचारलं. जळक्या कापडाचा बारीकसा वास येत होता, मलाही आला. कुणालाच काही सापडलं नाही.

त्या कॅमेऱ्यात भिंगामागं फिल्म झाकणारा पडदा असतो, आणि तो कापडाचा असतो. भिंगानं कागद जाळायचे उद्योग आम्ही शाळेत असताना सगळ्यांनीच केले होते. तरी कॅमेऱ्यातही भिंगच असतं हे आमच्या डोक्यात आलं नाही. झाकण मिश्रीच्या डबीवर, सूर्य डोक्यावर, आणि पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक. तेही बरोबर मधोमध.

पुढच्या रोलपासून प्रत्येक फोटोत एक पांढरा ठिपका यायला लागला, चवळीच्या दाण्याएवढा. पूर्ण माणूस घेतलं की त्या लहानशा फोटोत चेहराही चवळीएवढाच. आणि तो पिवळा चौकोनही मधोमध. म्हणजे चेहरा जिथं जुळवायचा तिथंच ठिपका. मायचं लुगडं यायचं, पाटल्या यायच्या, पायाच्या बोटातली जोडवी मोजता यायची. पदराच्या आत पांढरा उजेड.

रशीदभाईंनी कॅमेऱ्याची पाठ उघडून दिव्यासमोर धरली. "देखो, सुराख. जितनी देर मुँह खुला रहेगा उतना बडा दाग आयेगा. जल्दी खींचो, नहीं तो ढाँकके रक्खो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अम्मा को इधर लेके आव बेटा. दो मिनिट का काम है."

दादाला ते लागलं. जल्दी हा शब्द तर त्याला मुळात मानवतच नव्हता. तो कडी फिरवत बसायचा. थोडं पुढं, थोडं मागं, परत पुढं. जितका जपून जुळवायचा तितका ठिपका फुगायचा. त्याच्या काळजीनंच मायचं तोंड पुसलं जात होतं, आणि हे त्याला कितीही सांगितलं तरी पटत नव्हतं.

रविवारचा मग एक रिवाजच पडला. मायला वेळ नसायचा, म्हणून आधी मी तिच्या पाटावर बसायची. "मायच्या जागेवर बस," दादा म्हणायचा. मी पदरासारखी ओढणी डोक्यावर घ्यायची आणि दादा माझ्यावर अंतर जुळवायचा. उन्हात माझ्या मानेवर घाम, कुठंतरी गिरणीचा पट्टा सटसटतोय, शेजारी लसणाची फोडणी पडलीय आणि मी पुतळ्यागत. जुळलं की दादा ओरडायचा, "माय, ये." माय पिठाचे हात पुसत यायची. मी उठायची, ती बसायची, आणि मी पळत जाऊन भिंगावर तळहात धरायची, कारण झाकण आता मीच होते. दादा म्हणाला "हाण" की हात काढायचा. एका फोटोत मायच्या तोंडावर माझी पाच बोटं आहेत. एकात ती कंटाळून उठली आहे, नुसती पाठ. दादा मग माझ्यावर चिडायचा, मी दादावर, आणि माय दोघांवर.

"भाकरी करपून राह्यली तिकडं," ती म्हणायची. "पुढच्या आइतवारी काढ. मी काय पळून चालले का?"

पडद्याचं भोकही बुजवून झालं. पंक्चरच्या सोल्युशनमध्ये मायनं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ कालवलं आणि काडीनं त्या भोकावर थेंब लावला. छान बसला. दोन रोल बिनठिपक्याचे आले, त्यात आमची शेळी आहे, अण्णा आहेत, शेवग्याच्या शेंगा आहेत. मायच्या वेळी नेमकं ऊन वाढलं, सोल्युशन पाझरलं, पडदा अर्ध्यावर चिकटला. फोटो निम्मा काळा आला. काळ्यातून मायचा एक हात बाहेर आलेला, मांडीवर ठेवलेला. तो हात मात्र इतका धारदार की कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली बोटं दिसतात. मी त्या दिवशी दादाला म्हणाले, "आता बास कर. रशीदभाईकडं नेते मी तिला."

आणि निघाले होते खरंच. दादा कंपनीच्या कामानं गावाला गेला होता. मायला मी समजावलं, नवं लुगडं नेसायला लावलं, वेणीला तेल लावून दिलं. बसस्टँडवर आलो. शेंगदाण्याच्या टरफलांचा सडा, डिझेलचा धूर, जालन्याची बस लागलेली. माय पायरीवर पाय ठेवून थांबली.

"नको पोरी," ती म्हणाली.

"का? दोन मिनिटांचं काम हाये."

"काम दोन मिनिटांचं हाये. पण दाद्याला काय वाटंल? एवढ्या हौसेनं करून राह्यला तो. त्याच्या हातानं निघंल तवा निघंल."

"अन् न्हाईच निघाला तर?"

"निघंल," ती म्हणाली आणि पाय खाली घेतला. कंडक्टर ओरडत होता, मागची माणसं ढकलत होती. मला त्या क्षणी तिला हाताला धरून वर चढवावंसं वाटलं होतं. पण ती वळून चालायलाही लागली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुठूनतरी मोकळ्या हातानं घरी चाललो होतो म्हणून तिनं वाटेत हरभऱ्याची जुडी घेतली. आम्ही दोघींनी ती रस्त्यानं सोलून खाल्ली.

पुढच्याच थंडीत माय गेली. कशानं, किती दिवस, ते आता उगाळत नाही. दादानं कॅमेरा पत्र्याच्या पेटीत टाकला आणि पेटीवर गोधड्या रचल्या. माझं लग्न झालं तेव्हा फोटो काढायला दुसरा माणूस बोलावला. तो डबाच घेऊन आला होता.

माय मला सगळी आठवते. मिश्रीचा करपलेला वास, कापसाच्या बोचक्याला टेकून ती बसायची तो आवाज, तिच्या तळहाताची माझ्या गालावरची खरखर. नेमका चेहरा आठवायला जावं तर हाती येत नाही. नाक येतं तर कपाळ जातं. खूप ओढून आणलं तर पदर येतो आणि पदराच्या आत कोरं. या गोष्टीचा मला इतका राग येतो की मी ती कुणापाशी बोलत नाही.

तर त्या दिवशी, कॅमेऱ्याचा वास घेऊन झाल्यावर, दादानं मला त्याच्या गच्चीवर बसवलं. प्लास्टिकची खुर्ची नको म्हणाला, नातसुनेकडून पाट मागवला.

"दादा, मला गुडघ्याचा त्रास हाये."

"पाच मिनिटं बस. अन् पदर घे डोक्यावर."

"मी कधी घेते का डोक्यावर पदर?"

"घे ना."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून घेतला. तो खाली बसला, कुणीतरी त्याला पाठीमागून धरलं होतं. कडी थोडी पुढं, थोडी मागं, परत पुढं. मान आखडली, ऊन डोळ्यांत आलं, आणि मला एकदम कळलं की हा माझा फोटो काढतच नाहीये. शाळकरी पोर होते तेव्हा मायसाठी अंतर जुळवायला मला बसवायचा. आता म्हातारी झाले, मायपेक्षाही म्हातारी, तरी मी तिच्याच पाटावर. या माणसानं जन्मात एकदाही माझा म्हणून माझा फोटो काढलेला नाही. उठून जावं असं वाटलं. उठायला दुसऱ्याचा हात लागतो, म्हणून बसून राहिले. बटण वाजलं.

"आला बघ," दादा म्हणाला. एवढ्या वर्षांत मायच्या जागेवरून निघालेला तो पहिला निर्दोष फोटो.

पावसाळ्यात परत गेले तेव्हा तो बैठकीत लावलेला होता. अण्णांच्या शेजारी, तेवढ्याच मापाच्या फ्रेममध्ये, मोगऱ्याचा हार घातलेला. नातसून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आत्याआजी, पणजीबाई अगदी तुमच्यासारख्या दिसायच्या, न्हाई का?"

मी चष्मा पुसून जवळ गेले. पदर माझा, सुरकुत्या माझ्या, उन्हानं बारीक केलेले डोळे माझे. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. मला गोंदण नाही. मायला होतं. दादानं बारीक कुंचल्यानं शाईचे तीन ठिपके दिले होते, एकदम जागच्या जागी, मधला जरा खाली.

नातसून आत गेल्यावर मी म्हणाले, "दादा, ही माय न्हाई. मी हाये."

"माहीत हाये मला."

"मंग काढ तो खाली. जित्या माणसाला हार घालून बसलाय."

"काढतो," दादा म्हणाला आणि हात पुढं केला. "तिथं मायचा कोणता लावू? दे."

तो खरोखर माझ्याकडून काहीतरी मिळायची वाट बघत होता. मी काय देणार? मी पाणी प्यायले. त्याला म्हणाले, मोगरा सुकलाय, बदलायला सांग.

संध्याकाळच्या बसनं निघाले. खिडकीशी जागा मिळाली, बाहेर कपाशीची रानं भिजलेली. मी डोळे मिटले आणि नेहमीसारखी मायला आठवायला गेले. या वेळी चेहरा लगेच आला, नाक, कपाळ, सगळं एकदम, हनुवटीवरच्या गोंदणासकट. माझाच. बदनापूर येईपर्यंत मी तो बाजूला सारायचा प्रयत्न करत होते. पूर्वी तिथं काहीच नसायचं, ते बरं होतं.